ओरिजिनल, मुक्काम पोस्ट वलवण

जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाला तिची किंमत विचारली तर तो आधी घरातलं कुणी ऐकत नाही ना हे बघतो. ॲव्हरेज विचारलं तर पावसापाण्याचं बोलू लागतो. आणि ‘सगळं ओरिजिनल आहे का हो?’ असं विचारलं की खुर्ची पुढे ओढतो. मग पुढचा तास आपला राहत नाही. टाकी ओरिजिनल, मडगार्ड ओरिजिनल, साखळीवरचं कव्हर तर बर्मिंगहॅमहून जसं आलं तसं. हे ऐकताना चेहरा श्रद्धाळू ठेवावा लागतो. मला ते हल्ली जड जातं, कारण यातल्या बऱ्याच ओरिजिनल वस्तूंचं बर्मिंगहॅम मी पाहिलेलं आहे. ते वलवणला आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळा ओलांडलं, की चिक्कीच्या दुकानांच्या पाठीमागे एक पत्र्याची शेड लागते, तिथे.

शेडवर पाटी नाही. आतून ठोकण्याचा आवाज येतो, हीच पाटी. तिला गॅरेज म्हटलेलं ती चालवणाऱ्या मिस्त्रींना खपत नाही. ‘गॅरेजात गाड्या लावत्यात. आपण गाड्या करतो,’ असं ते एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा गॅरेज म्हणणाऱ्याचं काम पुढच्या महिन्यात जातं.

ही जागा कुणी विचार करून निवडली असेल असं वाटत नाही. पण विचार केला असता तरी हीच निवडावी लागली असती. मुंबईकडून येणाऱ्या दुचाकीला एक्स्प्रेसवेवर मज्जाव आहे. मोटारी तिकडून सुसाट जातात आणि दुसऱ्या महायुद्धातली बीएसए खोपोलीहून जुन्या घाटाने, घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकून, धापा टाकत वर येते. खोपोली ते खंडाळा म्हणजे पाचशे मीटरच्या आसपास उभी चढण. रेल्वे हा घाट १८६३ पासून चढते आहे, पण तिलासुद्धा कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मोटारसायकलला ती सोय नाही. तिला ढकलायला मागे बसलेली व्यक्ती उतरते, आणि ती बहुधा लग्नाची बायको असल्यामुळे तो धक्का पुढे पंधरा-वीस वर्षं ऐकून घ्यावा लागतो. चढावर इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरला धरतो, टाकीचा जुना सांधा उकलतो, मडगार्डची कडी तुटते. खंडाळ्यापर्यंत इभ्रत तगते. लोणावळ्यात गर्दी बघते म्हणून नेट धरला जातो. वलवणला गाडी बसते.

घाटाने केलं नाही ते पाऊस करतो. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. त्याच भरवशावर टाटांनी १९११ साली इथे धरणाचं काम काढलं, ते पाणी नळांतून खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. त्याच पावसाने इथल्या बंगल्यांतल्या गाड्यांचा पार चाळणीचा पत्रा केला. आजोबांनी हौसेने घेतलेली फियाट, मामांची जावा, कुणा पारशी शेजाऱ्याने जाताना ‘संभाळजो’ म्हणून ठेवलेली मॅचलेस; ताडपत्रीखाली चार पावसाळे काढले की लोणावळ्यात पापड आणि पत्रा यांत फारसा फरक राहत नाही. टाटांना पावसाची वीज मिळाली, मिस्त्रींना गिऱ्हाईक मिळालं. दोघांचंही बरं चाललं आहे.

गिऱ्हाईक येतं शनिवारी. टेम्पोत मोटारसायकल, मागून मोटारीत मालक, मालकाच्या हातात जाडजूड फाईल. फाईलीत गाडीचं मूळ कॅटलॉग, तेही प्लास्टिकच्या कव्हरात. ‘मिस्त्री, नुसतं टाकीला जरा गळतंय. बाकी गाडी मिंट कंडिशनमध्ये आहे.’ मिस्त्री फाईलकडे बघत नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारतात, आणि मग उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने टाकीवर टकटक करतात. पुढून ठोकलं की खण्ण. मधे ठोकलं की खण्ण. गुडघ्याच्या बाजूला ठोकलं की ठप्प. शेडमधला बारक्या, म्हणजे मिस्त्रींचा मदतनीस, ठप्प ऐकून गालात हसतो. मालकाला अजून कळलेलं नसतं. मग मिस्त्री खिशातून चुंबक काढतात. खण्ण वाजलं तिथे चुंबक चिकटतं. ठप्प वाजलं तिथून ते सुळकन घसरून मालकाच्या बुटावर पडतं.

‘साहेब, ही आर्धी टाकी पुट्टीची हाये. पेट्रोलला जागा राहिलीय हेच नशीब.’

हा क्षण फार नाजूक. लग्न ठरल्यानंतर पत्रिका बघावी तसा मालक फाईल उघडतो. ज्याने गाडी विकली त्याने ‘एका हातची’ म्हणून विकलेली असते. ते खोटं नसतं. फक्त तो हात पेंटरचा असतो.

यापुढे मालक महिना-दोन महिने नाहीसा होतो, कारण मिस्त्रींनी ‘करून देतो’ म्हटलं तरी त्याचं मन ‘मिळेल’वरच असतं. ही सगळ्या जुन्या गाडीवाल्यांची एक अवस्था आहे. बुधवारी आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार, शुक्रवारी मुंबईचा चोर बाजार, मधल्या दिवशी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं. प्रत्येक दुकानदार वस्तू हातात घेऊन एकच वाक्य बोलतो: ‘परवाच गेली हो!’ शेवटी इंग्लंडातल्या दुकानात नवी टाकी सापडते. पौंडांत पैसे, वर टपाल, वर जकात. खोकं उघडताना घरात ओवाळायचं तेवढं राहतं. आणि तळाला कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मेड इन इंडिया’. इंग्लंडातल्या दुकानांत जुन्या इंग्लिश गाड्यांसाठी म्हणून मिळणारा पत्रा बऱ्याचदा आपल्याकडेच ठोकलेला असतो, ही बातमी मालकाला सगळ्यांत शेवटी कळते. टाकी समुद्र ओलांडून गेली, समुद्र ओलांडून आली, आणि शनिवारी पुन्हा वलवणला, कारण ती गाडीवर बसत नाही. बोल्टाची भोकं तीन सूत पुढे आहेत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशात मीटर-सेंटिमीटर येऊन साठाच्या वर वर्षं झाली, पण मिस्त्रींच्या शेडमध्ये तो कायदा अजून घाट चढून आलेला नाही. त्याला कारणही आहे. जुनी इंग्लिश गाडी इंचांत बोलते, आणि तिच्या बोल्टांचे आटे हा तर स्वतंत्र संसार. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं. पंचावन्न अंशांचा कोन. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे प्रत्येक कारखान्यापुरते. व्हिटवर्थने शिस्त लावली, मग इंग्रजांनीच बारीक आट्यांचं दुसरं माप काढलं, सायकलवाल्यांनी साठ अंशांचं, इंचात सव्वीस आट्यांचं तिसरं काढलं, आणि मोटारसायकल कारखान्यांनी तिन्ही एकाच गाडीत वापरली. त्यातून व्हिटवर्थचा पाना बोल्टाच्या डोक्याच्या मापाचा नसतो, बोल्टाच्या जाडीच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे पान्यावर लिहिलंय एक, उघडतो दुसरंच. जावाचा जन्म चेक देशातला, तिचे आटे मिलिमीटरचे. आणि यापैकी कुठल्याही गाडीत गेल्या पन्नास वर्षांत कुणीतरी, कुठेतरी, रात्रीच्या वेळी, हाताला आला तो बोल्ट दणकून बसवलेला असतोच. त्याला मेकॅनिकी भाषेत ‘बसला की!’ म्हणतात.

अशा भोकात मिस्त्री टॉर्च मारून बघतात तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघतं ते कुटुंबवत्सल अंकात छापता येणार नाही. मग लेथ. ईएन-८ पोलादाची सळई चकात धरायची, सुता-सुताने उतरवायची, आणि जुन्या बोल्टाच्या मुंडक्यावर जशी किंचित उतार असलेली कड होती तशीच कड काढायची. बाजारात पाच रुपयांना बोल्ट मिळतो. हा बोल्ट करायला दुपार जाते. मालक विचारतो, ‘एका बोल्टाचे एवढे?’ मिस्त्री म्हणतात, ‘बोल्टाचे नाय साहेब. भोकाचे.’

पण लेथवरचं काम काहीही झालं तरी यंत्राचं. मिस्त्रींचा खरा हात बघायचा तर पत्र्यावर. मडगार्ड करायचं असलं की ते आधी वर्तमानपत्र मागतात. मला सुरुवातीला वाटलं वाचायला. जुन्या मडगार्डाचा जो काही सांगाडा उरला असेल त्यावर ते कागद दाबून बसवतात, घड्या पडतात तिथे कातरतात, कमी पडतो तिथे ठिगळ लावतात. कागद पुन्हा जमिनीवर सपाट केला, की पत्रा कुठे ताणायचा आणि कुठे गोळा करायचा याचा नकाशाच तयार. संपादकीय पानाचा इतका विधायक उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग अठरा गेजचा पत्रा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. आजच्या गाड्यांचा पत्रा याच्यापेक्षा बराच पातळ. त्यावर रेलून फोटो काढला तरी पोचा येतो. पत्रा कातरीने कापायचा आणि ओंडक्यावर घ्यायचा. हा बाभळीचा ओंडका शेडमधलं सर्वांत जुनं यंत्र. त्याच्या डोक्यावर एक खळगा आहे, बशीएवढा. पत्रा खळग्यावर धरून लाकडी मोगरीने ठोकत जायचं. ठोकलेला भाग खाली बसतो, ताणला जातो, आणि काठाला चुण्या पडतात. पहिल्या तासाभरात पत्र्याची जी दशा होते ती बघून मालकाला घाम फुटतो. मडगार्ड सांगितलं होतं, ही तर आळूची वडी! बारक्या त्याला चहा आणून देतो. अनुभवाने त्याला वेळ माहीत झाली आहे.

चुण्या पडल्या की त्या हळूहळू एकमेकींत जिरवायच्या, म्हणजे काठाचा पत्रा जाड होतो आणि आकार गोल येतो. आत लोखंडी डॉली धरून बाहेरून चपट्या हातोडीने गुळगुळीत करायचं. इथे मिस्त्री बोलत नाहीत. हातोडी डॉलीवर नेमकी पडली तर एक आवाज, पत्रा मधे पोकळ राहिला तर दुसरा. ते कान देऊन काम करतात. मधेच थांबून पत्र्यावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवतात आणि त्यावरून तळहात फिरवतात. नुसता हात फिरवला तर तो पत्र्याला अडखळतो, कागदावरून फिरवला तर उंचवटा बरोबर लागतो. मीही फिरवून पाहिला. मला फक्त कागद लागला. मग ते कानशीचा एक लांब हात मारतात. उंच भाग चकाकतात, खोलगट भाग काळेच राहतात. त्या काळ्या डागांना खालून एकेक टिचकी. शेवटी काठात तार घालून पत्रा तिच्यावर वळवतात. या वळीने मडगार्डाला ताठपणा येतो आणि धुताना बोट कापत नाही. कॅटलॉगमध्ये या वळीचा फोटो नसतो. ती हाताला लागते.

ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. ते ठोकता ठोकता कडक होतं आणि मग चिरतं, म्हणून मधून मधून तापवून मऊ करावं लागतं. पोलाद तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम सांगत नाही. साडेसहाशे अंशांच्या थोडं पुढे गेलं की लाल न होता सरळ ओघळतं. एका मालकांनी यासाठी परदेशातून तापमान मोजायचं पिस्तूल आणलं होतं. चकाकत्या पत्र्यावर त्याचे आकडे एकदा ऐंशी दाखवत, एकदा चारशे. मिस्त्रींनी ते कौतुकाने हातात घेतलं, बारक्याच्या कपाळावर रोखून त्याचा ताप बघितला आणि परत दिलं. मग त्यांनी अंघोळीच्या साबणाची वडी घेतली, पत्र्यावर बोटं ओढल्यासारख्या रेघा काढल्या आणि गॅसची ज्योत फिरवली. साबणाच्या रेघा पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, काळ्या पडल्या. काळ्या पडताच ज्योत बाजूला. पत्रा मऊ. जगभरचे पत्राकाम करणारे कारागीर हेच करतात, यात वलवणचं वेगळेपण काही नाही. वलवणचं वेगळेपण असं, की मिस्त्रींचं साबणांबद्दल मत आहे. मोगऱ्याच्या वासाचा चालतो, चंदनाचा लवकर काळा पडतो आणि फसवतो. त्या मालकांच्या बंगल्यावर त्या दिवसापासून मोगऱ्याचा साबण येऊ लागला, असं त्यांच्या सौभाग्यवतींनीच मला सांगितलं. स्वर कौतुकाचा नव्हता.

काम कधी होणार, हा प्रश्न शेडमध्ये विचारायचा नसतो. विचारलाच तर उत्तर ठरलेलं: ‘पुढच्या शनिवारी.’ कुठल्या महिन्यातला, हे विचारणारा नवखा. एकाने बाणेदारपणे ‘मग शुक्रवारी फोन करू का?’ असं विचारलं होतं. ‘करा की,’ मिस्त्री म्हणाले, ‘फोन बंद असतो.’

हा उशीर म्हणजे आळस, असं मी आधी समजत होतो. मग मावळ तालुक्यातलंच एक उदाहरण डोळ्यांपुढे आलं आणि मत बदललं. तळेगावला २००८ साली जनरल मोटर्सने भलामोठा कारखाना उघडला. तिथे काम वेळेवर होत असे. शिफ्टचा भोंगा, रोबोचे हात, मिनिटामिनिटाचा हिशोब. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन बंद झालं. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९९६ साली दार लावलं. सव्वा लाखाच्या घरात एम-२० मोटारसायकली बनवून युद्ध लढवणारी बीएसए तर त्याच्याही आधी मोडीत निघाली. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. वेळेवर माल देणारे एकेक करून गेले. पुढच्या शनिवारी देणारे मिस्त्री आहेत तिथेच आहेत. उशीर चालेल, पण दार उघडं पाहिजे.

अलीकडे शेडमध्ये दुसरं गिऱ्हाईक वाढलं आहे. हे तरुण. यांना जुनं होतं तसं नको असतं; कुणाकडेच नाही तसं हवं असतं. पण ‘कुणाकडेच नाही तसं’ म्हणून ते मोबाइलवर जो फोटो दाखवतात तो सगळ्यांच्या मोबाइलवर एकच असतो. बुलेटचं मागचं मडगार्ड कापायचं, सीट पाटासारखी सपाट करायची, हँडल खाली आणायचं आणि टाकी निमुळती. मिस्त्री फोटो लांब धरून, जवळ धरून, उलटा धरून बघतात. ‘ह्यात मागं बसायचं कुठं?’ ‘मागे कुणी बसणारच नाहीये, काका.’ मिस्त्री त्याच्याकडे सहानुभूतीने बघतात. ‘लग्न ठरलं की या. मागचा भाग जपून ठेवतो.’ शेडच्या माळ्यावर असे पुष्कळ मागचे भाग आहेत. त्यावर खडूने नावं लिहिलेली आहेत. दोन-तीन वर्षांत बहुतेक परत जातात.

या मंडळींना कायद्याचं भान देण्याचं काम मिस्त्रींनाच करावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने गाडी जशी दिली त्यात मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच पुन्हा ठणकावलं. म्हणून नवं चांगलं कारागिरीचं काम बऱ्याचदा प्रदर्शनात उभं राहतं आणि रस्त्यावर दंड भरतं. सायलेन्सरची गोष्ट तर करुणच. पुण्यात आणि इतरत्र पोलीस अधूनमधून फटफट वाजणारे सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात. पत्र्याचा सायलेन्सर करणारे मिस्त्री आणि सायलेन्सरचा पत्रा करणारे पोलीस, असं हे चक्र आहे. मिस्त्री स्वतः फटफट्या सायलेन्सर करत नाहीत. तत्त्व वगैरे नाही. ‘आवाज करायला काय कला लागती? आवाज खायला लागती.’

जुन्या गाड्यांसाठी मात्र सरकारने २०२१ साली प्रेमळ नियम काढले. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. हे वाचून मालकवर्गात हळहळ पसरली. मला हा नियम लिहिणारा अधिकारी स्वतः जुनी गाडी बाळगून असावा असं वाटतं. जुनी गाडी पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला सोडून तिसरीकडे गेलेली कुणी पाहिली आहे?

‘मूळ स्वरूप’ ही अट आल्यापासून शेडमध्ये एक नवीच मागणी सुरू झाली. मिस्त्रींनी जीव ओतून टाकी करावी, आरशासारखी, आणि मालकाने ती उजेडात फिरवून म्हणावं, ‘फारच नवीन दिसतेय हो. जरा जुनी करता येईल?’ पहिल्यांदा मिस्त्रींना हा विनोद वाटला. आता दर ठरले आहेत. टाकीचा एक, टाकी जुनी करण्याचा वेगळा. एखादा पोचा हवा असेल तर तो कुठे, केवढा आणि साधारण कुठल्या सालातला, हे सांगावं लागतं. गंज मात्र फुकट. शेडबाहेर दोन पावसाळी रात्री ठेवलं की काम होतं. एवढ्याबाबतीत वलवणशी स्पर्धा करायची बर्मिंगहॅमची प्राज्ञा नाही.

मग रॅली. मुंबईत किंवा पुण्यात गाड्या ओळीने उभ्या, मालकांच्या डोक्यावर टोप्या, परीक्षक हातात कागद घेऊन वाकून वाकून बघतात. ‘टँक?’ ‘ओरिजिनल.’ ‘मडगार्ड्स?’ ‘ओरिजिनल.’ टाळ्या, ढाल, फोटो. फोटोत मालक, मालकीण, मालकाचा चुलतभाऊ, गाडी पुसणारा मुलगाही. मिस्त्री नाहीत. त्यांना बोलावलेलं असतं असं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते आले नसते, कारण रॅली रविवारी असते आणि त्यांचं शनिवारचं काम रविवारी चालतं.

मला याचं वैषम्य वाटतं ते असं. ज्या घाटाने ही गाडी वर येते त्या घाटाची वाट इंग्रज इंजिनिअरांना शिंग्रोबा धनगराने दाखवली, असं लोक सांगतात. घाटाचं श्रेय इंजिनिअरांना गेलं, पण शिंग्रोबाचं निदान देऊळ झालं. येता-जाता ड्रायव्हर नाणं टाकतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌ पिढ्या तांब्याची भांडी ठोकली गेली. हातोडीच्या एकसारख्या खुणांनी भांड्याला ताकद आणि तेज आणणारं ते मठारकाम आजही ओळखू येतं. आपल्या घरात ती भांडी आहेत. त्यांच्या काठावर टिंबाटिंबांनी नावं घातलेली आहेत: कुणाच्या मुंजीत कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ, तारखेसकट. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, गेलेल्याचंसुद्धा आहे. ज्याने घडवलं त्याचं तेवढं नाही. घागरीला ही चूक शोभली. मोटारसायकलला शोभू नये, कारण मोटारसायकलवाले स्वतःला घागरीवाल्यांपेक्षा शहाणे समजतात.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एक सांगणं आहे. पुढल्या वेळी टाकी किंवा मडगार्ड करून घ्याल तेव्हा रंग चढण्याआधी आतल्या बाजूला पंचाने मिस्त्रींचं नाव, गाव आणि साल ठोकून घ्या. ते नको म्हणतील, ‘कशाला साहेब’ म्हणतील. तरी ठोकून घ्या. परीक्षकाने वाकून ते वाचलं आणि दोन गुण कापले तर कापू द्या. आणि मजुरी तिथल्या तिथे चुकती करा. ‘पुढच्या शनिवारी’ म्हणायचा मान त्या शेडमध्ये एकाच माणसाचा आहे.